वीज खंडित झाली तरी पुढे सरकणारी अतिवेगवान रेल्वे

जपानमधील तोकाइदो शिंकान्सेन मार्गावर १ जुलै २०२० रोजी 'एन-७०० एस' ही अतिवेगवान विद्युत रेल्वे प्रवाशांच्या सेवेत दाखल झाली. या मार्गावर तिचा कमाल वेग ताशी २८५ किलोमीटर आहे. गरजेनुसार डब्यांची संख्या बदलता यावी, हे तिच्या रचनेचे मुख्य सूत्र होय.

या गाडीच्या वीज परिवर्तक यंत्रणेत सिलिकॉन कार्बाइडचे अर्धवाहक वापरण्यात आले आहेत. त्यांत विजेचा अपव्यय कमी होऊन उष्णताही कमी निर्माण होत असल्याने डब्यांखालील यंत्रे लहान व हलकी झाली. परिणामी त्यांची मांडणी सुटसुटीत होऊन, १६ डब्यांचा मूळ आराखडा फारसा न बदलता १२ किंवा ८ डब्यांची गाडी बांधणे शक्य झाले. २३ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झालेल्या निशी-क्युशू मार्गावर याच मालिकेतील ६ डब्यांच्या गाड्या धावतात.

भूकंपप्रवण जपानमध्ये वीजपुरवठा खंडित झाल्यास गाडी बोगद्यात वा पुलावर प्रवाशांसह अडकून पडण्याचा धोका असतो. अशा वेळी गाडीतील लिथियम-आयन बॅटरीच्या आधारे ती मंद गतीने सुरक्षित ठिकाणी नेता येते.

भारतात उभारला जात असलेला ५०८ किलोमीटर लांबीचा मुंबई-अहमदाबाद मार्गही शिंकान्सेन तंत्रज्ञानावरच आधारित आहे.