पेट्रोल जमिनीत कुजवणारे रेमंड

तेलगळतीची बातमी आली की मागोमाग ‘तेल खाणारे जंतू’ येतात आणि त्यांच्यासोबत आनंद मोहन चक्रवर्ती यांचं नाव. चक्रवर्तींनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये असताना स्यूडोमोनास जीवाणूच्या निरनिराळ्या वाणांचे गुण एकाच पेशीत आणले. त्याच्या पेटंटचा खटला १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी जिंकला. एवढं झालं, पण तो जंतू उघड्यावर तेल साफ करायला कधी सोडलाच गेला नाही. हे मात्र कुणी छापत नाही.

त्याआधीच, १९७२च्या सुमारास, रिचर्ड रेमंड यांनी काम करून दाखवलं होतं. पेनसिल्व्हेनियातल्या अँब्लर इथे पाइपलाइन गळून पेट्रोल जमिनीत मुरलं होतं. उपसता आलं तेवढं उपसलं, तरी बरंचसं मातीला चिकटून भूजलात उतरत राहिलं. सन ऑइल कंपनीच्या या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने जंतू बाहेरून आणलेच नाहीत. ते तिथल्या मातीत होतेच, फक्त उपाशी होते! रेमंड यांनी विहिरींतून नत्र-स्फुरदाची खतं सोडली आणि रंग फवारायच्या छोट्या कॉम्प्रेसरने हवा.

ऊस उत्पादकांना यात नवल वाटू नये. पाचट कुजवताना युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकावंच लागतं, कारण पाचटात कार्बन भरपूर आणि नत्र नावापुरतं. पेट्रोल म्हणजे त्याहून टोकाचं पाचट: नुसता कार्बन आणि हायड्रोजन. खाणाऱ्याला ऊर्जा मिळते, पण पेशी बांधायला प्रथिनं कुठून आणणार?

रेमंड यांना १९७४मध्ये या पद्धतीचं पेटंट मिळालं. त्यावर ना खटला झाला, ना मथळे.

१९८९मध्ये ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ जहाजातून सुमारे ४ कोटी लिटर तेल अलास्काच्या समुद्रात सांडलं, तेव्हाही किनाऱ्यावर खतच फवारलं गेलं. स्थानिक जंतूंनी वरचं तेल झपाट्याने संपवलं. खाली, वाळू-गोट्यांच्या फटींत ऑक्सिजन पोचत नव्हता, तिथलं तेल पुढे कित्येक वर्षं तसंच सापडत राहिलं.

आज ‘जंतूंची पावडर’ विकणारे पुष्कळ आहेत. ती सरसकट फसवी नाही. मातीतले मूळचे जंतू विषाने मेले असतील तर उपयोगीही पडते. पण शिशासारखा धातू कुठलाच जंतू खाऊन संपवत नाही. तेव्हा पाकीट घेण्याआधी मातीत नेमकं काय मुरलंय ते तपासून घ्या, आणि विक्रेत्याला विचारा: हवा आणि नत्र कुठून देणार?