उन्हातला मरून, दिव्यातला मरून

साडी घेतल्यावर मॅचिंगचे ब्लाउजपीस घ्यायला गेलेली कोणतीही अनुभवी गृहिणी दुकानातल्या झगमगाटावर विश्वास ठेवत नाही. साडीचा पदर आणि कापडाचा तुकडा घेऊन ती सरळ दुकानाच्या दाराशी, उजेडात येते. आत अगदी जुळलेले दोन रंग बाहेर वेगळे दिसू शकतात, हे तिला ठाऊक असते. असे का होते, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारत नाही. आम्हांलाही तो विचारावा लागला तो एका मोटरसायकलमुळे.

आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, 1967 साली जावा मोटरसायकल घेतली. 1960 मध्ये म्हैसूरला स्थापन झालेल्या आयडियल जावा कंपनीची ही गाडी. हा कारखाना 1996 मध्ये बंद पडला, पण त्या मरून रंगाच्या गाड्या आजही लोक जिवापाड जपतात. आमची गाडी मात्र साताऱ्याच्या घरी मागच्या पडवीत बरीच वर्षे नुसतीच उभी होती. आम्ही दोघा भावंडांनी ती पुन्हा मूळ रूपात आणायचे ठरवले. इंजिन तुलनेने सोपे निघाले. अडले ते रंगावर.

पहिली चूक आमचीच. टाकी गंजली होती म्हणून धाकट्या भावाने उत्साहाच्या भरात ती पार पत्र्यापर्यंत खरवडून काढली. जुन्या गाडीवर एकावर एक थर असतात. खाली प्रायमर, त्यावर कारखान्यातला रंग, त्यावर पुढे कधीतरी मारलेला दुसरा रंग. एखाद्या कोपऱ्यात बारीक वॉटर पेपरने पाणी लावून गोल गोल घासत गेले, तर हे थर झाडाच्या वर्षवलयांसारखे एकात एक उघडे पडतात. खरवडण्यापूर्वी हे करायला हवे होते. टाकीवरचा पुरावा आम्ही आमच्या हातांनी नष्ट केला.

उरला होता मागचा मडगार्ड. त्याचा रंग विटकरी, पांढुरका झाला होता. रंग उडाला असे आपण म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी घडलेल्या असतात. एक म्हणजे सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी रंगद्रव्याचे काही रेणू खरोखरच मोडलेले असतात. दुसरी गोष्ट अशी, की रंगद्रव्याला धरून ठेवणारे माध्यम झिजून पृष्ठभाग खडबडीत, सूक्ष्म भेगांचा झालेला असतो. ही दुसरी गोष्ट मरूनसारख्या गडद रंगात फार महत्त्वाची ठरते. रंगाच्या माध्यमाचा अपवर्तनांक सुमारे 1.5 असतो. त्यामुळे त्यावर सरळ पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे 4 टक्के प्रकाश वरच्या वरच, आत न शिरता परततो. हा प्रकाश पांढराच असतो. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर तो आरशासारखा एकाच दिशेने जातो आणि आपण मान जराशी हलवून त्याला टाळू शकतो. पृष्ठभाग खडबडीत असेल तर तो सर्व दिशांना विखुरतो. मग कुठूनही पाहा, तो डोळ्यांत शिरतोच. मरून रंग मुळातच एकूण प्रकाशापैकी फार थोडा परत पाठवतो. त्यात ही पांढऱ्या प्रकाशाची भर म्हणजे वाटीभर चहात वाटीभर दूध.

शहाबादी फरशी पुसल्यावर ओली असेपर्यंत गडद दिसते, त्याचे कारणही हेच. पाण्याचा थर तिचा खडबडीतपणा झाकतो. आम्ही मडगार्डवर ओले फडके फिरवले, तेव्हा क्षणभर खालचा मरून वर आला आणि पाणी सुकताच पुन्हा विटकरी झाला. अर्थात ओला करूनही तो पूर्ण विश्वासाचा नव्हे, कारण मोडलेले रेणू पाण्याने परत जुळत नाहीत.

खरा नमुना मिळाला तो डाव्या बाजूच्या अवजारपेटीच्या झाकणाआड. तिथे ग्रीस आणि धुळीचा जाड थर बसला होता. रॉकेलने पुसल्यावर आतून तजेलदार, जणू काल मारलेला मरून निघाला. एका साक्षीदारावर भागवू नये, म्हणून हेडलाइटच्या आवरणात बसवलेला स्पीडोमीटरही काढला. त्याच्या कडेखालची बारीकशी पट्टी झाकणाशी जुळली.

ते झाकण घेऊन आम्ही पेंटरकडे गेलो. माणूस जुना, हाताचा उत्तम. त्याने चार डब्यांतून थेंब थेंब घालत रंग जुळवला, पत्र्याच्या तुकड्यावर मारून दाखवला आणि झाकणाशेजारी धरला. फरक ओळखू येईना. टाकी, मडगार्ड, पेट्या, सगळे रंगवून झाले. सकाळी गाडीचे भाग घरी आणून अंगणात ठेवले, तर अण्णा म्हणाले, "हा आपला रंग नव्हे. ही वांगी आहेत."

झाकण शेजारी ठेवले. अण्णा बरोबर होते. झाकण तांबूस मरून आणि टाकी जांभळट. भाऊ तावातावाने पेंटरचे उरलेले पैसे अडवायला निघाला. पेंटर म्हणाला, "रात्री इथं या आणि मग बोला." रात्री त्याच्या शेडमध्ये, हॅलोजनच्या फोकसखाली, झाकण आणि टाकी पुन्हा शेजारी ठेवली. तंतोतंत एक! धूळ कमी असते म्हणून तो बहुतेक काम रात्रीच करतो आणि त्याच दिव्याखाली रंग जुळवतो.

इथे थोडे थांबून डोळ्याकडे पाहू. वस्तूवरून येणाऱ्या प्रकाशात साधारण 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण कमीअधिक प्रमाणात मिसळलेले असतात. कोणती तरंगलांबी किती, याचा आलेख म्हणजे त्या रंगाची खरी ओळख. पण डोळा हा आलेख वाचत नाही. दृष्टिपटलावर शंकुपेशींचे तीन प्रकार असतात. ते अनुक्रमे 420, 530 आणि 560 नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक संवेदनशील असतात. प्रत्येक प्रकार आपापल्या पट्ट्यातली बेरीज करतो आणि मेंदूकडे फक्त बेरीज पाठवतो. सारा आलेख, आणि निरोप तीन आकड्यांचा!

शिक्षकांना बेरजेचा हा खेळ नवा नाही. एका मुलाला मराठीत 70, गणितात 50, विज्ञानात 60 गुण आहेत. दुसऱ्याला मराठीत 50, गणितात 70, विज्ञानात 60. दोघांची बेरीज 180. नुसती बेरीज पाहणाऱ्याला दोघे सारखेच. आता गणिताचे गुण दुप्पट धरा. पहिल्याचे 230 होतात, दुसऱ्याचे 250. मुले तीच, पण विषयांचे वजन बदलल्याबरोबर त्यांच्यातला फरक उघडा पडला. रंगांच्या बाबतीत हे वजन ठरवतो दिवा. वेगवेगळे आलेख असलेले दोन रंग एका प्रकाशात तीनही बेरजा सारख्या देतात आणि दुसऱ्या प्रकाशात देत नाहीत, या प्रकाराला मेटामेरिझम म्हणतात.

फोकसच्या दिव्यात तप्त तार असते. अशा दिव्याचा जो प्रमाणित वर्णपट मानतात, त्यात 650 नॅनोमीटरच्या लाल किरणांची ऊर्जा 450 नॅनोमीटरच्या निळ्या किरणांच्या सुमारे पाचपट असते. दिवसाच्या प्रमाणित प्रकाशात उलट निळ्याचे पारडे जड असते. म्हणजे हॅलोजनखाली रंग जुळवणे हे निळ्या विषयाचा पेपर जवळजवळ न तपासण्यासारखे झाले.

आमच्या प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे. रंगवलेला पत्र्याचा तुकडा आणि झाकण, दोन्हींचे आलेख काढले. अशा जोडीचे आलेख साधारणतः किमान तीन ठिकाणी एकमेकांना छेदतात, तसे ते छेदत होते. झाकणाचा आलेख निळ्या भागात सपाट, तळाशी पडलेला होता आणि 570 नॅनोमीटरच्या पुढे हळूहळू चढत होता. ही आयर्न ऑक्साइडची, म्हणजे गेरूतल्याच रंगद्रव्याची चाल. नव्या रंगाच्या आलेखाला मात्र निळ्या-जांभळ्या भागात एक छोटा उंचवटा होता. पेंटरने मरून छटेसाठी वापरलेल्या डब्यात क्विनाक्रिडोन कुळातले रंगद्रव्य होते. 1958 मध्ये बाजारात आलेले हे कुळ फार टिकाऊ आणि तेजस्वी आहे. दोष त्याचा नव्हता, पण तो उंचवटा हॅलोजनखाली दिसलाच नाही आणि सकाळच्या उन्हात उठून दिसला.

एवढ्यात प्रकरण मिटले असे वाटले, तोच अण्णांनी एक नवी गोष्ट काढली. त्यांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया महिन्याभरापूर्वी झाली होती, डाव्या डोळ्याची व्हायची आहे. ते अंगणात गाडीसमोर खुर्ची टाकून बसले होते. एक डोळा झाकायचे, मग दुसरा. "या डाव्यानं बघितलं तर रंग बरोबर वाटतोय. उजव्यानं वांगी. आता खरं कुठल्या डोळ्याचं?"

आम्ही आधी हसलो आणि मग गप्प झालो. वयोमानाने डोळ्यातले नैसर्गिक भिंग पिवळसर होत जाते आणि निळे किरण अडवू लागते. हा बदल इतका संथ असतो की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. शस्त्रक्रियेत हे भिंग काढून कृत्रिम भिंग बसवल्यावर अनेकांना जग एकदम निळसर वाटते, ते म्हणूनच. अण्णांच्या डाव्या डोळ्यापुढे जणू पेंटरचा फोकस कायमचा लावलेला होता, तर उजवा डोळा त्यांच्या 1967 मधल्या डोळ्याच्या अधिक जवळचा होता. दोन डोळ्यांत दोन दिवे असलेला परीक्षक आमच्या घरातच बसला होता आणि आम्ही त्याला विसराळू ठरवायच्या बेतात होतो.

दुसऱ्या खेपेला पेंटरने ऑक्साइड रेड, काळा आणि थोडा शुद्ध लाल एवढ्यावरच काम केले. प्रायमरही तोच ठेवला, कारण पातळ थरातून खालचा रंग डोकावतो. प्रत्येक तुकडा आम्ही यंत्राखाली धरला. तिसऱ्या तुकड्याचा आलेख झाकणाच्या आलेखावर बसला, एखाददुसऱ्या जागी बारीक फट सोडून. डोळ्यांची परीक्षाही घेतली: दुपारच्या सावलीत, हॅलोजनखाली आणि एलईडीच्या उजेडात. तिन्हीकडे जोडी सुटली नाही. एक वाद मात्र राहिलाच. भावाला वरून चकचकीत क्लिअर कोट हवा होता. आमच्या मते त्या काचेसारख्या थराने जुनी गाडी प्लास्टिकच्या खेळण्यासारखी दिसते. शेवटी थर दिला नाही, नुसती पॉलिश केली.

हे वर्गात दाखवायला मोटरसायकल लागत नाही. जुनी सीडी घेऊन तिच्या चमकत्या बाजूवर ट्यूबलाइट, साधा बल्ब आणि एलईडी यांचे प्रतिबिंब पाळीपाळीने पाडा. बल्बचे रंग सलग पसरतात, ट्यूबलाइटचे तुटक पट्टे दिसतात. सूर्याचे प्रतिबिंब मात्र डोळ्यांत घेऊ देऊ नका. दुसरा प्रयोग अंधाऱ्या खोलीत शिक्षकांनी स्वतः करावा. मिठाच्या दाट पाण्यात भिजवलेला कापूस चिमट्याने स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीत धरला, की सोडियमचा पिवळा प्रकाश मिळतो. तो जवळपास सगळा 589 नॅनोमीटरच्या आसपासचा. त्यात रंगीत खडूंची पेटी उघडा आणि मुलांना निळा खडू कोणता ते विचारा. मग खिडकी उघडा.

जावाच्या टाकीवर सोनेरी रेषा असतात. त्या पेंटर हातानेच, लांब केसांच्या बारीक ब्रशने ओढणार आहे. सोनेरीची छटा अण्णांनी निवडायची आहे आणि ते म्हणतात, डावा डोळा होऊ दे, मग बघू. तोपर्यंत टाकी घरात, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवली आहे.