संस्थेच्या फाटकापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत

पुण्याहून सोलापूरकडे जाताना दौंडच्या अलीकडे केडगाव स्टेशन लागते. 1896-97च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतात फिरून उपाशी, निराधार मुली गोळा केल्या आणि पुण्यात प्लेगचे निर्बंध आल्यावर त्यांना इथल्या माळावर आणले. 1900च्या सुमारास त्यांच्या इथल्या ‘मुक्ती’ आश्रमात दीड हजारांच्या आसपास जणी राहत होत्या. तिकडे शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला 1997 मध्ये सिस्टर लुसी कुरियन यांनी ‘माहेर’ सुरू केले. घरच्या छळातून सुटलेल्या बायका आणि त्यांची मुले तिथे विसावली. भीमा आणि घोडनदीच्या या पट्ट्याला निराधारांना आसरा देणे नवे नाही. नवे आहे ते आसरा दिलेल्या मुलाला पुन्हा घरी पोचवण्याचे काम, आणि ते जास्त किचकट आहे.

दुष्काळातल्या त्या मुलींपैकी अनेकींना परत जायला घरच उरले नव्हते. आजच्या बालगृहांतले चित्र वेगळे आहे. केंद्र सरकारने 2018 मध्ये देशभरातल्या अशा संस्थांची पाहणी प्रसिद्ध केली. साडेनऊ हजारांवर संस्था आणि त्यांत सुमारे पावणेचार लाख मुले. त्यांतली अनाथ मुले 41 हजारांवर होती, तर एकल पालकांची मुले 1 लाख 20 हजारांवर. म्हणजे जवळपास दर तिसऱ्या मुलाला निदान आई किंवा बाप होता, पण त्याला सांभाळण्याची ऐपत किंवा सोय नव्हती.

शिरूर-दौंडच्या वाड्यावस्त्यांवर ही गैरसोय कशी असते, ते इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात आणि मुलांची शाळा सुटते. वीटभट्टीवर पाल पडते. रांजणगावच्या कारखान्यात पाळीवर जाणारी विधवा आई दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत मुलीला रात्री एकटी कशी ठेवणार? मग कुणीतरी सुचवते, ‘संस्थेत टाक, निदान दोन वेळचं जेवण आणि शाळा तरी होईल.’ दौंड जंक्शनसारख्या स्टेशनवर गाडीतून उतरलेली, घरून पळालेली मुले वेगळीच.

2015चा बाल न्याय कायदा सांगतो की संस्था हा शेवटचा उपाय. मूल बालकल्याण समितीपुढे आल्यावर पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी आणि चार महिन्यांत अंतिम आदेश व्हावा, अशी मुदतही त्यात आहे. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. त्यांनी मुलाचे म्हणणे ऐकायचे आणि पुन्हा घरी पाठवणे त्याच्या हिताचे आहे का, ते ठरवायचे. ज्या घरात मारझोड किंवा लैंगिक अत्याचार झाला, तिथे घाईने मूल पाठवणे हा गुन्ह्याला हातभारच. तिथे आजी, मामा, मावशी असे जवळचे कुणी किंवा पालनकर्ते कुटुंब शोधावे लागते.

खरी परीक्षा गृहभेटीत होते. परिविक्षा अधिकारी किंवा संस्थेची समाजसेविका दारात येते, तेव्हा घरातली माणसे आधी घाबरतात. ती मात्र साध्या गोष्टी बघत असते. रेशनकार्डावर मुलाचे नाव आहे का, रात्री कोण कुठे झोपते, घरात कोण पिते, शाळा किती लांब, आई कामावर गेल्यावर दुपारी दार कोण उघडते. शेजारीण, अंगणवाडी सेविका आणि पोलीस पाटील यांच्याशी बोलल्यावर अर्धे चित्र स्पष्ट होते. मग लगेच कायमचे न पाठवता थोड्या दिवसांची रजा देऊन बघणे शहाणपणाचे. घरातले लग्न, कुणाचे आजारपण अशा प्रसंगी एका वेळी साधारण सात दिवसांपर्यंत रजा देण्याची सोय कायद्यात आहे. परतल्यावर मूल काय सांगते आणि काय टाळते, हे कुठल्याही अहवालाइतकेच महत्त्वाचे.

घरी पाठवण्याआड गरिबी येत असेल, तर पैसा घरापर्यंत गेला पाहिजे. महाराष्ट्रात यासाठी बालसंगोपन योजना आहे. आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव असून मुलामागे महिना 2 हजार 250 रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे महिना 4 हजार रुपये आहेत. त्यासाठी ग्रामीण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 72 हजारांच्या आत हवे. अडचण कागदांची. बालसंगोपनच्या अर्जाला विधवा आईकडून नवऱ्याचा मृत्यूदाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाईड, बँकेचे पासबुक लागते, शिवाय घरासमोर पालक आणि मुलाचा एकत्र फोटो. रोजंदारीवरच्या बाईची तहसील कचेरीतली प्रत्येक फेरी म्हणजे एक बुडालेला रोज. तिच्यासोबत कुणी गेले, तर अर्ज पुरा होतो. नाहीतर तो पिशवीतच राहतो.

तयारीविना मुले घरी गेली तर काय होते, ते कोरोनात दिसले. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या आकड्यांनुसार देशातल्या संस्थांमधल्या 2 लाख 27 हजार 518 मुलांपैकी 1 लाख 45 हजार 788 मुले घरी गेली होती. इतक्यांना जायला घर होते, हे त्यातून सिद्ध झाले. पण त्यांतल्या अनेक घरांत मोबाईल नव्हता, शाळा बंद होती, कमाई आटली होती. शेवटी न्यायालयालाच या मुलांच्या शिक्षणासाठी महिना 2 हजार रुपये देण्याचा आदेश द्यावा लागला. आधी मूल गेले, आधार मागून आला.

क्रम उलटा हवा. शाळेतला प्रवेश, खात्यात पहिला हप्ता, आई कामावर असताना मुलाला बघणारे माणूस, एवढे जुळल्यावर मुलाने घरी जावे. त्यानंतर गावाची जबाबदारी सुरू होते. गाव बाल संरक्षण समितीत सरपंच, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील असतात. बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच असते. पण मूल चार दिवस शाळेत दिसले नाही, हे जिल्ह्याच्या ठिकाणच्या कार्यालयाआधी अंगणवाडी ताईला कळते. तिने फोन केला, तर ते मूल पुन्हा स्टेशनवर सापडण्याआधी हाताशी येते.

बालगृहांचे वार्षिक अहवाल यंदा किती मुले दाखल झाली ते अभिमानाने छापतात. देणगीदारही तोच आकडा विचारतात. दिवाळीला फराळाचे डबे घेऊन संस्थेत जाणाऱ्यांनी यंदा दुसरा आकडा विचारावा: गेल्या वर्षी किती मुले घरी गेली, आणि त्यांतली किती आजही घरी राहून शाळेत जातात? विचारणारे वाढले, तर उत्तर ठेवावेच लागेल.