आधी विहीर, मग खडक

शिरपूर तालुक्यातल्या खोल केलेल्या नाल्यात सातवीची मुलं उतरवली, की पाठ्यपुस्तकातली आकृती चार-पाच पुरुष उंच होऊन समोर उभी राहते. वर माती, मग मुरूम, त्याखाली विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो भोकाभोकांचा खडक आणि तळाशी काळा पाषाण.

हे नाले मुलांसाठी खोदलेले नाहीत. भूजल सर्वेक्षणातून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी पाणी जिरवण्यासाठी हे काम उभं केलं. तेच ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून गाजलं. मला मात्र तो धुळे जिल्ह्यातला भूशास्त्राचा सर्वांत चांगला वर्ग वाटतो.

मुलांना विचारावं, पाणी कशातून मुरेल? सगळी मांजऱ्याकडे बोट दाखवतात, भोकं दिसतात ना! मग भिंगातून बघायला द्यावं. भोकं एकमेकांना जोडलेली नसतात आणि बहुतेक पांढऱ्या स्फटिकांनी बुजलेली असतात. पाणी वाट काढतं ते कठीण काळ्या पाषाणाच्या भेगांतून. डोळ्यांनी केलेला अंदाज हातातल्या दगडाने खोटा ठरला, की मूल तो विसरत नाही. हे खडक म्हणजे गोठलेला लाव्हा, तोही सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, हे त्यानंतर सांगावं. आधी सांगितलं तर तो नुसता आकडा राहतो.

जळगावात विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झालं. तिथे पर्यावरण आणि भूविज्ञानाची प्रशाळा आहे. २०१८ पासून त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. अक्षरओळख नसलेल्या, पण माती ओळखणाऱ्या बाईचं नाव लावणाऱ्या विद्यापीठाने शाळेत दगडांची पेटी घेऊन जाताना पहिला प्रश्न विहिरीचा विचारावा, असं मला मनापासून वाटतं. तुमच्या घरच्या विहिरीला पाणी कितव्या हातावर आहे? रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातल्या मुलाला हे उत्तर घरातल्या काळजीतून ठाऊक असतं. तिथे सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूचा जाड थर आहे; डोंगरातलं पाणी तिथून खाली उतरतं.

धुळे-नंदुरबारकडे काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती टेकड्यांसारख्या पसरल्या आहेत. जमिनीच्या भेगांत लाव्हा गोठला आणि आजूबाजूचा खडक झिजला, की अशी भिंत उघडी पडते. ती कुठे भूजल अडवते, कुठे स्वतःच्या भेगांतून वाहू देते. एकाच शिवारात अलीकडची विहीर भरलेली आणि पलीकडची कोरडी का, याचं उत्तर कधीकधी त्या भिंतीत सापडतं.

चोपडा तालुक्यातल्या उनपदेवला गरम पाण्यापाशी मुलं हमखास विचारतात, खाली ज्वालामुखी आहे का? नाही. खोल जावं तशी जमीन तापत जाते. तिथवर उतरलेलं पाणी भेगेतून पुन्हा वर येतं. एवढं सांगितलं, की कुणीतरी पुढचं विचारतंच: मग आमच्या बोअरचं पाणी हिवाळ्यात कोमट का लागतं? तेव्हा उत्तर लगेच देऊ नये. थर्मामीटर त्याच्या हातात द्यावा आणि जानेवारीत नि मेमध्ये मोजून यायला सांगावं.