एका चेतापेशीची अनेक रसायने

सी. एलेगन्स हा माती आणि कुजक्या फळांत राहणारा, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा सूत्रकृमी. या प्रजातीच्या उभयलिंगी कृमीत ३०२ चेतापेशी असतात आणि त्यांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ मध्येच प्रसिद्ध झाला. इतक्या साध्या प्राण्यात एका पेशीला एकच चेतापारेषक रसायन पुरत असावे, हा समज चुकीचा आहे. अंडी घालण्याची क्रिया सुरू करणाऱ्या ‘एचएसएन’ या दोन चेतापेशी सेरोटोनिन वापरतात. शिवाय ॲसिटिलकोलीन आणि पेप्टाइडेही. सेरोटोनिन किंवा ‘एनएलपी-३’ पेप्टाइड यांपैकी एकच नाहीसे केले, तर अंडी घालण्यात थोडीच बाधा येते. दोन्ही काढली की ती क्रिया फार मंदावते.

‘एक पेशी, एक रसायन’ हे सूत्र शरीरक्रियाशास्त्रज्ञ हेन्री डेल यांच्या नावावर खपवले जाते. त्यांनी तसे म्हटलेच नव्हते. एकाच पेशीच्या एका टोकाशी जे रसायन सुटते, तेच दुसऱ्या टोकाशीही सुटत असावे, एवढाच १९३० च्या दशकातला त्यांचा तर्क होता. त्याला ‘डेलचे तत्त्व’ हे नाव पुढे चेताशास्त्रज्ञ जॉन एकल्स यांनी दिले.

एका पेशीतली सगळी रसायने एकदमच बाहेर पडतात, हेही खरे नाही. ॲसिटिलकोलीनसारखी रसायने लहान पुटिकांमधून (पेशीतल्या सूक्ष्म पिशव्यांमधून) सिनॅप्सच्या, म्हणजे पेशींमधल्या जोडाच्या, ठरावीक जागी सुटतात. पेप्टाइडे घनगर्भ पुटिकांत असतात. ती सुटायला सहसा पेशी अधिक जोमाने उद्दीपित व्हावी लागते आणि ती सिनॅप्सपासून दूरवरही पसरतात. जोडण्यांच्या नकाशात हा संवाद दिसत नाही.

रसायन पेशीत सापडले म्हणजे ते तिनेच बनवले, असेही नसते. या कृमीच्या ‘एआयएम’ चेतापेशींमधले सेरोटोनिन बाहेरून शोषलेले असते. याच पेशी नरामध्ये लैंगिक परिपक्वतेच्या वेळी ग्लुटामेट सोडून ॲसिटिलकोलीनकडे वळतात, म्हणजे पेशीचे रसायन जन्मभरासाठी ठरलेले असते हा समजही टिकत नाही.

रसायनाच्या नावावरून परिणामही ठरत नाही. तो ते रसायन टिपणाऱ्या पेशीवरील ग्राहीवर अवलंबून असतो. गाबा हे शांत करणारे रसायन म्हणून ओळखले जाते आणि कृमीच्या शरीरभित्तीचे स्नायू ते सैलही करते. मात्र विष्ठा बाहेर टाकणाऱ्या स्नायूंवरील ‘ईएक्सपी-१’ ही ग्राही गाबा मिळताच धन आयन आत घेते, आणि ते स्नायू आकुंचन पावतात.