एक किलोमीटरचं कुंपण

*सोसायटीसमोरच्या शाळेत कोणाची मुलं येणार? २०२४ मध्ये सरकारने या प्रश्नाचं उत्तर बदलून पाहिलं. पालकांनी ते बदलू दिलं नाही.*

फ्लॅट बघायला गेलं, की बिल्डरचा माणूस आधी स्विमिंग पूल दाखवतो, मग क्लब हाऊस. लग्नाला दोन-तीन वर्षं झालेलं जोडपं असेल तर तो त्यांना हमखास बाल्कनीत नेतो आणि समोरच्या शाळेकडे बोट दाखवतो. शाळा चालत पाच मिनिटांवर आहे, हे वाक्य त्याचं पाठ असतं. न्यू जर्सीतला तुमचा मावसभाऊ तर घराआधी स्कूल डिस्ट्रिक्टच बघतो. तिकडे पत्त्यावरून मुलाची सरकारी शाळा ठरते. हद्दीची रेघ इकडची तिकडे सरकली की अख्खा मोहल्ला मीटिंगला हजर!

आपल्याकडे असं काही नसतं, असं आपल्याला वाटतं. कारण आपण फी भरतो आणि स्कूल बस लावतो, विषय संपला. पण आपल्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या नातवाची शाळा पत्त्यावरूनच ठरते. वॉचमनकाकांच्या मुलीचीही.

हे सगळं येतं शिक्षण हक्क कायद्यातून, म्हणजे आरटीईमधून. २००९ चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १२(१)(क) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या, आसपास राहणाऱ्या मुलांसाठी ठेवायच्या. फी मुलाने भरायची नाही, सरकारने शाळेला द्यायची. अल्पसंख्याक शाळा यातून बाहेर. शाळा कोर्टात गेल्या होत्या, पण २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही तरतूद योग्य ठरवली.

आता 'आसपास' म्हणजे किती? पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर. महाराष्ट्रात एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी प्राधान्य, मग तीन किलोमीटरपर्यंतच्यांना, अशी पद्धत होती. म्हणजे हे वर्तुळ मुलांना शाळेच्या जवळ आणण्यासाठी होतं.

९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने नियमात दुरुस्ती केली आणि वर्तुळ उलटं फिरलं. खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला २५ टक्क्यांचं बंधनच नाही!

कागदावर वाचलं तर किरकोळ वाटतं. आता जरा कंपास घ्या. कोथरूड, हडपसर, ठाणे, दादर, कुठेही टोक टेकवा. एक किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे तीन चौरस किलोमीटरहून थोडी जास्त जागा. शहरात एवढ्या जागेत महापालिकेची एकही शाळा नाही, एकही अनुदानित शाळा नाही, असं ठिकाण शोधून दाखवा. म्हणजे 'काही शाळांना सूट' असं म्हणत म्हणत शहरांतल्या जवळजवळ सगळ्याच इंग्रजी शाळांचं गेट बंद होणार होतं. (अशा भाषेत नियम लिहिणाऱ्यांना ॲड एजन्सीत सॉलिड पॅकेज मिळेल.)

सरकारचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. जवळ आपलीच शाळा असताना आणि तिच्यावर आपण खर्च करत असताना, त्याच मुलाची खासगी शाळेतली फी पुन्हा तिजोरीतून का भरायची? ही फी महाराष्ट्रात मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये ठरलेली होती, आणि तीही वेळेवर मिळत नाही म्हणून शाळाचालक वर्षानुवर्षं ओरडत होते. शिवाय शेजारी उदाहरण होतं. कर्नाटकने अशीच दुरुस्ती केली होती आणि २०१९ मध्ये तिथल्या हायकोर्टाने ती मान्यही केली होती.

पण ज्यांना अर्ज भरायचे होते, त्यांना यातलं काय दिसलं? आरटीईचा अर्ज ऑनलाइन. नकाशावर घराच्या जागेवर बलून नेऊन ठेवायचा, की जवळच्या शाळांची यादी उघडते. त्यातून जास्तीत जास्त दहा शाळा निवडायच्या. ज्याच्या घरी कॉम्प्युटर नाही तो सायबर कॅफेत जातो, बरोबर भाडेकरार, जातीचा नाहीतर उत्पन्नाचा दाखला, मुलाचा जन्मदाखला, अशी कागदांची पिशवी घेऊन. एप्रिल २०२४ मध्ये हा बलून टेकवल्यावर यादीत आली ती पालिकेची, जिल्हा परिषदेची आणि अनुदानित शाळा. जिथे एरवी नुसतं चालत जाऊन नाव घालता येतं, तिथल्या प्रवेशासाठी लॉटरी!

पालकांनी याला दिलेलं उत्तर आकड्यांत दिसतं. सरकारी शाळा धरल्यामुळे जागा आठ लाखांच्या वर गेल्या होत्या. अर्ज मात्र लाखालाही पोचेनात. मुदत वाढवली, तरी नाही. पुण्यात पालक संघटना रस्त्यावर आल्या, आणि पालक, शिक्षकांची संघटना, सामाजिक संस्था अशा वेगवेगळ्या याचिका मुंबई हायकोर्टात गेल्या.

६ मे २०२४ ला हायकोर्टाने दुरुस्तीला स्थगिती दिली. मग पोर्टल पुन्हा जुन्या नियमाने सुरू झालं. या वेळी जागा होत्या सुमारे १ लाख ५ हजार आणि अर्ज आले २ लाख ४० हजारांहून जास्त. जागा कमी झाल्या आणि रांग वाढली. पालकांना नक्की काय हवं होतं, हे याहून स्पष्ट कुठला सर्व्हे सांगणार?

१९ जुलैला मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या खंडपीठाने दुरुस्ती रद्दच केली. मुद्दा सरळ होता. संसदेने कायद्यात जे दिलंय, ते राज्याला नियम करून काढून घेता येत नाही. मधल्या काळात काही शाळांनी या जागांवर फी भरणारी मुलं घेतली होती. त्या मुलांना हलवायचं नाही, गरज पडली तर वर्गातली संख्या वाढवा, पण २५ टक्के भरा, असं कोर्टाने सांगितलं. शाळांची संघटना सुप्रीम कोर्टात गेली. ऑगस्टमध्ये तिथेही दार उघडलं नाही. श्रीमंत घरातल्या मुलांना खरा देश कळायचा असेल तर त्यांनी इतर मुलांसोबत बसायला हवं, अशा अर्थाचं सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड तेव्हा बोलले.

ही लढाई पालकांनी जिंकली, पण त्यांची बाजू अगदी धुतल्या तांदळासारखी होती असं नाही. एक किलोमीटरच्या आत यावं म्हणून खोटे भाडेकरार करणारे पालकही आहेत. नागपुरात २०२४ मध्ये बनावट कागदपत्रांवरून पोलिसांत गुन्हे दाखल झाले. एका खोट्या पत्त्यामुळे त्याच वर्तुळात खरोखर राहणाऱ्या एखाद्या मुलीचा नंबर जातो. आणि दुसरं, सरकारी शाळेला सगळे मिळून नाकं मुरडतात, तेव्हा तिथे रोज वर्ग घेणाऱ्या बाईंना काय वाटत असेल? पण पालिकेची शाळा चांगली करायची, तर ती चांगली करावी. दुसरी दारं बंद करून तिथे पट वाढवणं म्हणजे मेस बेचव आहे म्हणून हॉस्टेलच्या गेटला कुलूप लावण्यासारखं झालं.

आणि आपण? आपल्यातले बरेच जण 'मिक्स क्राउड' हा शब्द अगदी सहज वापरतात, शाळेच्या बाबतीतसुद्धा. ॲडमिशनच्या वेळी स्विमिंग, रोबोटिक्स, एसी क्लासरूम सगळं विचारतात. वर्गात आरटीईची मुलं किती, हा प्रश्न मात्र हळू आवाजात. वॉचमनकाकांची मुलगी आपल्या पिल्लूच्या बाकावर बसली तर काय बिघडतं, याचं उत्तर मोठ्या आवाजात द्यायला कोणी तयार नसतं.

या सगळ्या गोंधळात २०२४ च्या जूनमध्ये शाळा सुरू झाल्या तेव्हा लॉटरी काढलेली होती, पण निकाल कोर्टासाठी अडकला होता. तो लागला २० जुलैच्या सुमारास. मग कागदपत्रांची तपासणी. बाकीच्या वर्गाची अक्षरओळख होऊन पुस्तकातले पहिले धडे झाले, तेव्हा ही मुलं नवं दप्तर घेऊन वर्गात शिरली. फी माफ असली तरी स्कूल बस, पिकनिक, गॅदरिंगचा ड्रेस यांची चिठ्ठी घरी येतेच. पुढच्या वर्षासाठी तीन लाखांहून जास्त अर्ज आले. जागा होत्या सुमारे १ लाख ९ हजार.

शिवाय कायद्यातलं मोफत शिक्षण आहे आठवीपर्यंतच. २०२४ मध्ये पहिलीत गेलेली मुलगी २०३२ च्या जूनमध्ये नववीत जाईल, आणि त्या वर्षी तिच्या वडिलांच्या हातात शाळेची पूर्ण फीची पावती पडेल.