वारुळावरील अळंबीची ओळख

पावसाळ्यात सह्याद्रीच्या रानात वारुळांभोवती उगवणारी अळंबी शास्त्रीय परिभाषेत 'टर्मिटोमायसिस' या प्रजातीत मोडते. तिचा दांडा जमिनीखाली मुळासारखा निमुळता होत वाळवीच्या घरट्यापर्यंत जातो. हीच तिची प्रमुख खूण. यास्तव ती खुडू नये, खणून पाहावी. उद्यानांतील हिरवळीवर येणारे 'क्लोरोफायलम' हे विषारी भूछत्रही असेच मोठे व पांढरे दिसते. मात्र त्याच्या दांड्यावर सुटे कडे असते आणि छत्री कागदावर रात्रभर ठेवल्यास बीजाणूंचा हिरवट ठसा उमटतो. टर्मिटोमायसिसचा ठसा गुलाबीसर असतो. ठसा हिरवट नाही, एवढ्यावरून निर्धास्त होणे धोक्याचे आहे. प्राणघातक अमॅनिटांचा ठसा पांढरा असतो आणि त्यांची विषबाधा सहा तास किंवा त्याहून उशिरा प्रकट होते. चांदीचे नाणे काळे पडण्याची लोकप्रिय कसोटी तर सर्वस्वी निराधार होय.

पुण्यात नारायण पेठेपलीकडे, मुठेच्या दुसऱ्या तीरावर, १९४६ साली स्थापन झालेली आघारकर संशोधन संस्था आहे. तेथे कवकांचा राष्ट्रीय संग्रह असून तज्ज्ञांकडून नमुन्यांची ओळख पटविता येते. नमुना दांड्याच्या बुडासह, कागदात गुंडाळून न्यावा. विषबाधेचा संशय आल्यास उरलेली अळंबी टाकून न देता रुग्णासोबत तत्काळ रुग्णालयात पाठवावी.